डिक्कीतला श्वास

आमच्या ह्यांना दुसऱ्याच्या हातचं काम पटत न्हाई. नळाचा वायसर बदलायचा तरी स्वतः, मग दोन दिवस घरात पाणी न्हाई. पंखा खोलायचा तरी स्वतः, मग उन्हाळाभर तो पंखा मान हलवत फिरणार आन् आमी खाली जीव मुठीत धरून झोपणार. नाव राजशेखर, सोनपेठात खत-बियाण्याचं दुकान, स्वभावानं देवमाणूस. पण हातात पेचकस आला की माणूस कामातून गेला. म्हणून जुनी पांढरी गाडी दारात आली आन् हे म्हणले, "म्युझिक सिस्टीम मी स्वतः बसवणार," तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

गाडी घेतली होती माझ्या मायसाठी. माझी माय, कस्तुराबाई. मी एकुलती एक, बाप लवकर गेलेला, म्हणून ती लेकीच्या घरी राहायची. लोकं बोलायचे. बोलू द्या. माझे सासरे ईश्वरअप्पा, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, तुमचा जन्म याच गल्लीतला, तुमी काय परक्या हाव का?" झालं, विषय संपला. मायचं हृदय कमजोर. परभणीच्या दवाखान्यात सारखं न्यावं लागायचं, आन् एस.टी.च्या धक्क्यांनी तिचा अर्धा जीव वाटंतच जायचा. म्हणून गाडी. आता आजारी माणसाच्या गाडीत ढमढम कशाला पाहिजे, सांगा बरं? तर हे म्हणले, "आत्याबाईला भजनं ऐकवू की."

महिनाभर निस्ता प्लॅन चालला. दुकानात गिऱ्हाईक उभं आन् हे मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायलते. जेवताना ताटाशेजारी जुन्या कॅलेंडरचा कागद, त्याच्या पाठीमागं गाडीचं चित्र. लाल रेघ म्हणजे बॅटरीची वायर, निळी रेघ म्हणजे आवाजाची वायर. "ह्या दोघी एका बाजूनं न्यायच्या न्हाईत," मला समजावून सांगायचे. "जवळ आल्या की घूंऽऽ करतेत."

"सासू-सुनेवानी," मी म्हणलं.

हसलेबी न्हाईत, एवढे बुडालेले. फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे. अर्थिंगच्या जागंचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला पाहिजे. अँप, म्हणजे आवाज वाढवायचं यंत्र, सीटखाली, आन् डिक्कीत वूफरचा डबा. वूफर म्हणजे ताटाएवढा स्पीकर, त्यो खालच्या पट्टीतलं ढमढम तेवढं काढतो. त्याला जाड लाकडाचा, हवाबंद डबा लागतो. लाकूड हललं की आवाज फाटला म्हणून समजा. हे सगळं मला आता पाठ हाय, कारण ह्यांना ऐकून घेणारं दुसरं घरात कोण? पोरगी पिंकी परभणीला शिकायला, माय निम्मा वेळ झोपलेली, आन् अप्पा तेव्हा पेडगावला बहिणीकडं गेलेले.

अडलं ते लाकडापाशी. डब्याच्या बाकी बाजू प्लायच्या झाल्या, पण पुढची बाजू, जिथं वूफर बसतो, ती दणकट पाहिजे. बाजारात मिळाला त्या प्लायच्या नखानं पापड्या निघायल्या. परभणीहून आणू म्हणलं तर दुकानाला सवड न्हाई, पेरणीच्या आधीची धावपळ. मग एका दुपारी हे गोदामातून नाचत आले. अंगभर धूळ, काखेत एक फळी. गोदामाच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली होती म्हणले, पोतं उंदरांनी खाल्लेलं. सागवानी, दोन बोटं जाड, काळीभोर, दोन्ही कडांना लोखंडी कड्या.

"जुन्या दाराची दिसायली," हे म्हणले. "असलं लाकूड आता पैसे देऊन मिळत न्हाई."

कड्या उपटून टाकल्या. वर्तुळ आखलं. कापायचं मशीन लावल्यावर फळी थरथरायली म्हणून मीच एका टोकावर पाय देऊन बसले. भुसा उडायला लागला तसा वास आला. लाकडाचा न्हाई, भस्माचा आन् सुकलेल्या बेलपानाचा. मला वाटलं शेजारी कुणाची पूजा चालू असंल. मधला गोल तुकडा सुटून पडला तो मी उचलून घेतला. संसारी बाई हाय मी, मला काही फेकवत न्हाई.

डबा झाला, वरून काळं कापड चिकटवलं, डिक्कीत बसवला. पहिलं भजन लावलं आन् खरं सांगते, ह्यांच्याबद्दल एवढं भरून आलं मला! परभणीच्या दुकानदारानं झक मारावी असा आवाज. माय बाहेर खुर्चीवर बसून ऐकायली. "जावईबापू, पोटात वाजायलं की हो," म्हणाली आन् तोंडाला पदर लावून हसली. ते तिचं शेवटचं हसणं.

चारच दिवसांनी तिला झटका आला. त्याच गाडीतून परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, सेवा करा, आता जास्त न्हाई. दोन दिवस म्हणा, तीन म्हणा. ह्यांनी मला सगळं सांगितलं. मीच म्हणलं, चला, घरी तर नेऊ.

पिंगळीजवळ रेल्वेचं फाटक लागलेलं. ह्यांनी गाडी बंद केली. टेप बंद, काचा वर, बाहेर रणरणतं ऊन. मायचं डोकं माझ्या मांडीवर, आन् माझा सगळा जीव तिच्या श्वासावर. दोन-तीन आखूड, मग एक लांब, मग बराच वेळ काहीच न्हाई, आन् पुन्हा आखूड. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की श्वास दोन जागांहून यायलाय. एक मांडीवरून. दुसरा माझ्या पाठीमागून, डिक्कीतून. तोच श्वास, त्याच तालात, जरा मोठा.

"आवो," मी हळूच म्हणलं, "टेप चालू हाय का?"

"बंद हाय की." मग ह्यांनीबी ऐकलं. आरशात मला त्यांचं तोंड दिसलं, पांढरंफटक. पण माणूस कसा असतो बघा, क्षणात त्यांनी मान हलवली. "अर्थिंग लूज झालं असंल," म्हणले.

दुसऱ्या दिवशी मायला बिछान्यावर नीट केलं आन् हे गाडीमागं लागले. मी टॉर्च धरून उभी, भर दुपारी, डिक्कीत अंधार म्हणून. चावी काढली. श्वास चालू. आवाजाची निळी वायर काढली. चालू. फ्यूज काढला, बॅटरीची तार काढली, चालूच. शेवटी काळं कापड फाडलं आन् वूफरच्या दोन्ही वायरी उपसून हातात घेतल्या. वायरी ह्यांच्या हातात लोंबायल्या आन् वूफरचा काळा कागद आत-बाहेर, आत-बाहेर हलायला. मी तळहात जवळ नेला तर गार हवा लागली. हवाबंद डबा म्हणे!

हे घामानं निथळायलते. "व्हिडिओत हे कुणी सांगितलेलं न्हाई," म्हणले.

एरवी मी हसले असते. तेव्हा मात्र मला आतून मायकडं पळावंसं वाटलं आन् मी पळालेबी. ती तशीच होती. डोळे उघडे, श्वास चालू.

दोन दिवस गेले, तीन गेले, आठवडा गेला. अन्नाचा कण न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. चमच्यानं घातलं तरी गालावरून खाली यायचं. हात-पाय रांजणाखालच्या फरशीवानी गार. गल्लीच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. मनगट धरलं, मान धरली, छातीला नळी लावली. मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणलं. तेबी कानातून काढून माझ्याकडं बघितलं, मग मायच्या हलणाऱ्या छातीकडं बघितलं आन् पिशवी न घेताच निघाले. पिशवी न्यायला त्यांनी माणूस पाठवला, स्वतः पुन्हा आले न्हाईत.

मी मात्र खुश होते. हो, खुश! दुनिया काहीबी म्हणू द्या. डॉक्टर म्हणले दोन दिवस, आन् माझी माय दोन दिवसांत जाणारी न्हवती. रोज सकाळी तिचे केस विंचरायचे, कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातलं इष्टलिंग पुसून पुन्हा गळ्यात घालायचं आन् म्हणायचं, "माय, उठलीस का?" छाती वर-खाली व्हायची. मला तेवढं बस होतं.

फक्त एकदा ती बोलली. ओठ हलले न्हाईत, पण तिचाच आवाज होता. "बसायचंय गं मला." मी उशा लावून तिला टेकवून बसवली. तशी म्हणाली, "हितं न्हाई." आन् कलंडली.

त्याच दिवसांत आश्रुबामामा पडले. आमच्या गल्लीतलेच, आमच्याच मठातले, अप्पांच्या वयाचे. कडब्यानं भरलेल्या ट्रॅक्टरवरून डोक्यावर आपटले. बघणारे म्हणायले, मान मोडल्याचा आवाज आला. आन् मामा उठले, धोतर झटकलं आन् चालत घरी आले. सगळी गल्ली म्हणायली, काय नशीब घेऊन आलाय बुवा! पण मान तिरपी झाली ती तिरपीच राहिली. बायको सांगायची, चहा मागत न्हाईत, बिडी मागत न्हाईत, झोपत न्हाईत. आन् दिवस कलला की आमच्या दारात यायचे, गाडीच्या मागं उभे राहायचे, डिक्कीवर हात ठेवून.

"काय मामा?" मी इचारलं एकदा.

"काय न्हाई गं बाई. ऐकायलोय," म्हणले.

अप्पा पेडगावहून आले ते मायची खबर ऐकूनच. विहिणीच्या उशाशी बसले, तिच्या कपाळावर हात ठेवला आन् झटक्यात मागं घेतला. संध्याकाळी त्यांनी आश्रुबामामाला गाडीपाशी बघितलं. उठून गेले, मामाच्या तिरप्या मानंकडं बराच वेळ बघितलं, आन् मग डिक्की उघडली. कापड फाटलेलंच होतं. फळी उघडी, मधोमध वूफर, आन् त्यो श्वास घ्यायलेला.

अप्पा तिथंच मातीत खाली बसले.

"राजा, ही फळी कुठून घेतलीस?"

"माळ्यावरून. जुन्या दाराची..."

"दाराची न्हाई रे लेकरा. पाट हाय त्यो."

आमच्यात माणूस गेलं की जाळत न्हाईत, पुरतेत. तेबी आडवं न्हाई. मांडी घालून, हातात लिंग देऊन बसवतेत, तसंच बसवून पालखीत न्हेतेत आन् तसंच समाधीत उतरवतेत. पालखीत बसायला खाली पाट लागतो, हे मला ठाऊक होतं. पण अप्पांनी सांगितलं ते ना मला ठाऊक होतं, ना ह्यांना. आमच्या मठाची जेवढी घरं, त्या सगळ्यांचा मिळून पाट एकच. ज्या घरी शेवटची मौत झाली त्या घरी त्यो राहतो. पुढं कुणी गेलं की त्या घरानं न बोलवता उचलून न्यायचा आन् दारात ठेवायचा. मागायला कुणी येत नसतं, आन् त्यावर कुणी बोलतबी नसतं. कोण बोलंल हौसेनं? त्या घरांतून शेवटच्या गेल्या त्या माझ्या सासूबाई, महादेवी. तेव्हा हे डोकं धरून कोपऱ्यात पडलेले, आन् अप्पांनीच पाट धुऊन, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेला.

"माझा आजा ह्याच्यावर बसून गेला," अप्पा म्हणले. "माझा बाप गेला. तुझी आई गेली. आता बसायला जागाच न्हाई म्हणल्यावर माणसानं जायचं कसं?"

हे हुंदके देऊन रडायले. मी लग्नापासून त्यांना असं रडताना बघितलं न्हवतं. स्वतःच्या आईच्या खालचा पाट कापला म्हणून रडायलते, आन् त्यांची चूक ती काय? त्यांनी जुनं लाकूड बघितलं, बस. कुणी कधी सांगितलंच न्हाई.

"मधला तुकडा कुठं हाय?" अप्पांनी इचारलं.

त्यो तुकडा मी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलेला. बरोब्बर बसला होता. इतके दिवस आमी सगळे त्याखालचं पाणी पिलो.

मी आत पळाले, झाकण काढलं, पदराखाली धरलं. पण बाहेर न्हेऊन दिलं न्हाई. त्या दोन पावलांत माझ्या डोस्क्यात लख्ख प्रकाश पडला. हा तुकडा पुन्हा तिथं बसला, पाट पुरा झाला, की माझी माय जाणार. मी कपाट उघडलं, लुगड्यांच्या खाली तुकडा ठेवला आन् चावी कमरेला खोसली.

"देणार न्हाई," मी बाहेर येऊन म्हणलं.

"महेश्वरी..." हे म्हणले.

"महेश्वरी-बिहेश्वरी काही न्हाई. तुमी कापायच्या आधी मला इचारलं होतं का? आता जोडायच्या आधीबी मी सांगंन तेव्हाच."

अप्पा हळू आवाजात म्हणले, "बाई, ती अडकलीया."

"अडकू द्या!" मी किंचाळले. सासऱ्यावर आवाज चढवला, जिंदगीत पहिल्यांदा. "तुमच्या बायकोला जायला पाट होता, ती गेली. माझ्या मायला न्हाई, ती ऱ्हायली. कुणाचं काय बिघडलं? मला बाप न्हाई, भाऊ न्हाई. एक माय हाय, तीबी तुमाला माझ्याच हातानं घालवून पाहिजे?"

अप्पा उठून पायरीवर जाऊन बसले. मला त्यांचा लय राग आला, आन् आपण वंगाळ बोललो म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला.

त्यानंतर मी दुपारची गाडीत जाऊन बसायला लागले. घरातल्यापेक्षा तिथं माय जास्त होती, कसं सांगू. घरातला श्वास कोरडा, घासल्यावानी. गाडीत मात्र सीटच्या पाठीतून यायचा, पाठीवर तिचा हात फिरावा तसा. मी तिला सगळं सांगायची. पिंकीचे मार्क, भेंडी कशी निबर निघाली, ह्यांनी आता पेचकसाला हात लावायचा न्हाई अशी शपथ कशी घेतली. "माय," म्हणलं की श्वास घडीभर थांबायचा, ऐकल्यासारखा. लहानपणी मी शाळेतून येऊन बडबडायची तेव्हा ती भाकरी थापायची तशीच थांबायची.

मग एका दिवशी श्वासात दुसरा श्वास मिसळलेला ऐकू आला. जाड, बिडीनं खरखरणारा. मी काच खाली करून मागं बघितलं. आश्रुबामामा उभे होते, डिक्कीवर हात. अंगात बंडी, ऊन लख्ख. मी त्यांच्या छातीकडं बघत राहिले. छाती हलत न्हवती. जराबी न्हाई. त्यांचा श्वास डब्यात चालू होता आन् ते बाहेर रिकामे उभे होते.

त्यांनी तिरप्या मानेनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. बस चुकलेला माणूस दुसऱ्याला बघतो तसं. मी काच वर केली आन् गाडीतच रडले.

तरी मी तुकडा दिला न्हाई. जिद्द म्हणा, माया म्हणा, मला फरक माहीत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायचे केस विंचरायला बसले. खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर आलेलं. एक लाल मुंगी उशीवरून चढली, गालावरून वर गेली. मी हात उचलायच्या आत ती मायच्या उघड्या डोळ्यावर चढली. पापणी हलली न्हाई. मुंगी बुबुळावरून, त्या पाण्यासारख्या जागेवरून सावकाश चालत दुसऱ्या बाजूला उतरली, आन् मायचा श्वास तसाच चालू, दोन-तीन आखूड, मग एक लांब. डोळ्यावर बारीक धूळ होती, त्यात मुंगीच्या पायांची वाट उमटली होती.

मी इतके दिवस तिचे केस विंचरत होते, आन् तिच्या डोळ्यावर धूळ बसल्याली मला दिसली न्हवती.

माझ्या मायला घरात कुठं एक कण खपायचा न्हाई. चूल दोनदा सारवायची. मी पदराचं टोक ओलं करून तिचा डोळा पुसला. लेकीनं आईचा उघडा डोळा पुसावा, अशी वेळ कुणावर येऊ नये. मग कमरेची चावी काढली.

हे दुकानाच्या पायरीवर बसलेले, शटर अर्धं. मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "जोडा," म्हणलं. "आन् ह्यावेळी नीट जोडा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन् उठले. डबा डिक्कीतून काढून अंगणात आणला. ह्यांची शपथ होती म्हणून स्क्रू सोडवायला पेचकस मीच घेतला. वूफर निघाला. खाली ठेवला तेव्हा त्याचा कागद निश्चल होता, निस्ता कागद. फळी प्लायपासून सोडवली. अप्पांनी कड्या धुंडून आणल्या, कुठून कुणास ठाऊक. गोल तुकडा भोकात ठेवला तर चारी बाजूंनी फट राहिली. मशीननं जेवढं लाकूड खाल्लं तेवढी. हे हताश होऊन बघायलते. अप्पांनी देव्हाऱ्यातून भस्माचा गोळा आणला, कुस्करला, फेविकॉलमध्ये कालवला आन् बोटानं ती फट भरत गेले, बाळाच्या अंगाला तेल लावावं तसं. उन्हात ते बघता बघता वाळलं.

पाट उचलून द्यायचा मान शेवटची मौत झालेल्या घराचा, आन् ठेवायचा नव्या मौतीच्या घरात. आमची तर दोन्ही घरं एकच. हे उचलायला वाकले तसं मी म्हणलं, "राहू द्या, माझी माय हाय." एकटीनं उचलला. जड होता, पण इतका न्हाई.

भिंतीशी पाट मांडला. मायला कवेत घेतली. ती माझ्या खांद्याला डोकं लावून आली, मी तापात असताना तिच्या खांद्यावर जायची तशी. मांडी घालून बसवली. पाठ भिंतीला. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, बोटं मिटली. ह्यावेळी ती कलंडली न्हाई.

"बस, माय," म्हणलं. "जागा झाली."

तिनं डोळे मिटले. आपले आपण मिटले, मी हात लावला न्हाई. एक लांब श्वास सोडला आन् पुढचा घेतला न्हाई. मी वाट बघितली. पुढचा आलाच न्हाई.

आन् मग तिचा हात गरम झाला.

इतके दिवस फरशीवानी गार असलेला हात, माझ्या हातात, बोटांच्या टोकापासून गरम होत गेला. मऊ झाला. आत्ताच गेलेल्या माणसाचा असतो तसा. म्हणजे माझी माय आत्ता गेली होती, माझ्यासमोर, माझ्या हातात. आधी कधीच न्हाई. मी मोठ्यानं हंबरडा फोडला.

बाहेर अप्पा बायकांना हाका मारायले, पाणी तापवा म्हणायले. हे मठातल्या स्वामींना आणायला गाडीची चावी शोधायलते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर आश्रुबामामा. डिक्कीपाशी न्हाई, आज उंबऱ्याशी आलेले. पाटाकडं बघितलं, मायकडं बघितलं, आन् भिंतीला टेकून खाली बसले.

"होऊ दे गं बाई सावकाश," म्हणले. "मी बसतो हितं."

शेजारणी पदर खोचून आत यायल्या, अप्पाबी मागून यायले. मी सगळ्यांवर खेकसले. "कुणी आत यायचं न्हाई! माझ्या मायचा हात गरम हाय. त्यो गार झाल्यावर मी बोलवंन."

सगळे थांबले. मी तिच्याशेजारी खाली बसले आन् तो हात दोन्ही हातांत धरला. वैशाखातले दिवस होते. गार व्हायला लय वेळ लागला.